शब्दांच्या ओसरीवर : हत्ती, साहेब आणि वहीतले एकशे चाळीस शब्द

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. बारावीनंतर माझं शिक्षण थांबलं. आता मुलगी कॉलेजात जाते. तिच्या पुस्तकातली जॉर्ज ऑर्वेलची ‘शूटिंग अ‍ॅन एलिफंट’ मी दुपारची कामं उरकल्यावर वाचायला घेतली. इंग्रजी सुधारावं एवढाच हेतू. अडलेला प्रत्येक शब्द वहीत उतरवला, समोर अर्थ लिहिला. एकशे चाळीस शब्द झाले. पाठही केले. पंधरा दिवसांनी वही उघडली तर त्यातले वीससुद्धा आठवेनात. गोष्ट मात्र अख्खी आठवते, तो हत्ती डोळ्यांसमोरून हलत नाही. माझं वय झालं, की पद्धत चुकली?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : तुमचं वय झालेलं नाही. गोष्ट अख्खी आठवते आणि शब्द आठवत नाहीत, असं तुम्ही लिहिलंत, त्यातच उत्तर आहे. शब्द तुम्ही गोष्टीतून उपटून वहीत लावलेत. मुळांना माती राहिली नाही, मग ते जगणार कसे? मीही नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मुलांना याद्याच पाठ करायला लावत असे. परीक्षेपुरते शब्द टिकत आणि मे महिन्यात वाहून जात. म्हणून तुमचं दुःख मला जवळचं वाटलं.

ज्यांनी ही गोष्ट वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑर्वेल हे टोपणनाव, खरं नाव एरिक ब्लेअर. जन्म १९०३ चा, बिहारमधल्या मोतिहारीचा. १९२२ ते १९२७ तो ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. तेव्हा ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, तो वेगळा झाला १९३७ मध्ये. हे लेखन १९३६ सालचं. कुणी याला निबंध म्हणतं, कुणी कथा, आणि लेखकाने स्वतः खरंच हत्ती मारला होता का यावर अजून वाद आहेत. मोलमेन गावातला एक तरुण गोरा पोलीस अधिकारी. एक पाळीव हत्ती साखळी तोडून सुटतो, झोपडी मोडतो, गाय मारतो, फळांच्या टपऱ्या लुटतो, नगरपालिकेची कचरागाडी उलटी करतो आणि एका मजुराला चिरडतो. अधिकारी बंदूक घेऊन पोचतो तेव्हा हत्ती शांतपणे गवत खात उभा असतो. त्याला मारायची गरज उरलेली नाही, हे अधिकाऱ्याला स्वच्छ कळतं. पण मागे दोन हजार माणसं जमलेली असतात. त्यांच्यासमोर हसं होऊ नये, एवढ्यासाठी तो गोळी घालतो.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही दापोलीच्या आहात म्हणून सांगते, ही गोष्ट समजायला पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा तुम्ही जवळ आहात. ती सकाळ कशी आहे? ढगाळ आणि ‘स्टफी’, पावसाळ्याच्या अगदी तोंडावरची. ‘स्टफी’समोर तुम्ही शब्दकोशातून ‘कोंदट’ लिहिलं असणार. चूक नाही. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात मळभ आलेलं असतं, वारा पडलेला असतो, पोलकं पाठीला चिकटतं, तुम्ही वाळवण उचलायला अंगणात जाता आणि ‘कसलं जीव घुसमटवणारं होतंय’ म्हणता, ते ‘स्टफी’. पुढे येतं एक भातशेत. ‘पॅडी फील्ड्स’, अजून न नांगरलेली, पण पहिल्या पावसाने ‘सॉगी’ झालेली. ‘सॉगी’ म्हणजे ओलं नव्हे. ओलं तर टॉवेलही होतं. खाचरात पाय टाकला की गच्चकन आत जातो आणि पाणी घोट्याभोवती वर येतं, ती माती ‘सॉगी’. चहात बुडवून विसरलेलं बिस्किटही ‘सॉगी’च. आणि त्या गावातल्या झोपड्या ताडाच्या पानांनी ‘थॅच्ड’ आहेत. यासाठी आपल्याकडे ‘शाकारलेल्या’ हा इतका नेमका शब्द आहे आणि तो हल्ली मुलांना सांगावा लागतो. एका इंग्रजी शब्दाच्या निमित्ताने एक मराठी शब्द घरात परत आला, तर मला दुप्पट आनंद होतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही : शब्दासमोर अर्थ लिहू नका, स्वतःच्या घरातली किंवा शेतातली जागा लिहा. ‘सॉगी : नदीकडचं खाचर, मृग.’ बस्स.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शब्द सुटे वाचू नका, कुणाच्या वाट्याला कोणते शब्द आलेत ते पाहा. या गोष्टीत हत्ती मरतो तो प्रसंग पुन्हा काढा. गोळी लागल्यावर हत्ती लगेच कोसळत नाही. तो अचानक म्हातारा होतो. तिथे ‘सॅग’, ‘ड्रूप’, ‘स्लॉबर’, ‘सेनिलिटी’ असे शब्द पाठोपाठ येतात. ‘सॅग’ म्हणजे झोळ पडणं. जुन्या बाजेची सुंभं सैल होऊन मध्ये झोळ पडतो ना, तसे त्या हत्तीचे गुडघे खाली येतात. ‘ड्रूप’ म्हणजे मान टाकणं; लावणीनंतर ऊन पडलं की रोपं माना टाकतात, ते. ‘स्लॉबर’ म्हणजे तोंडातून लाळ गळणं. आणि ‘सेनिलिटी’ म्हणजे जराजर्जरपण, भ्रमिष्टपणाकडे झुकलेलं म्हातारपण. हे चार शब्द चार ओळींत लिहिलेत तर चार दिवस टिकतील. ‘मरणाऱ्या हत्तीचे शब्द’ म्हणून एकत्र ठेवलेत तर एकाचा हात धरून दुसरा येईल, कारण त्यांच्यामागे एकच चित्र आहे. आणि ज्यांनी घरातलं म्हातारं माणूस शेवटच्या दिवसांत सांभाळलंय त्यांना हे शब्द वाचताना गलबलून येईल. मला आलं होतं. माझी आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी मी हा परिच्छेद वर्गात मोठ्याने वाचू शकले नाही, एका मुलीला वाचायला सांगितला.

त्याच्या अलीकडचा एक शब्द मात्र हसरा आहे. हत्ती गवताची जुडी उपटतो, गुडघ्यावर आपटून माती झाडतो आणि तोंडात घालतो. त्याच्या या तंद्रीला लेखक म्हणतो ‘ग्रँडमदरली’. आजीसारखी. मेथीची जुडी हातावर झटकून माती पाडणारी, आपल्याच नादात निवडत बसलेली आजी आठवा. ज्याला मारायला बंदूक आणली आहे तो ओसरीवरच्या आजीसारखा दिसतो! हा एक शब्द नसता तर पुढची गोळी आपल्याला इतकी लागली नसती. शब्दसंपत्ती म्हणतात ती ही. अवघड शब्द माहीत असणं ठीक आहे, पण ‘ग्रँडमदर’ हा पहिलीतला शब्द ‘ली’ जोडून असा वापरता येणं, ही खरी श्रीमंती.

तुमच्या यादीत नसलेला, पण मी नक्की घालेन असा एक शब्द आहे ‘इट’. आश्चर्य वाटेल. हत्तीने केलेलं नुकसान सांगताना लेखक त्याला ‘इट’ म्हणतो : साखळी तोडली ती ‘इट’ने, मजुराच्या पाठीवर पाय ठेवला तो ‘इट’ने. आणि हत्ती प्रत्यक्ष समोर दिसला की त्याचा होतो ‘ही’ आणि ‘हिज’. ऐकीव असतो तोवर ती वस्तू, डोळ्यांनी पाहिला की तो कुणीतरी. मराठीत आपण हत्तीला पहिल्यापासून ‘तो’च म्हणतो, त्यामुळे आपल्याकडून हे हमखास निसटतं. मुलीला दाखवा. तिच्या परीक्षेच्या उत्तरात हे एक वाक्य आलं तर तपासणारा थांबेल.

आता ‘मस्ट’. लेखक म्हणतो की हत्ती ‘मस्ट’ गेला होता. माझ्या वर्गात एका मुलीने याचा अर्थ ‘हत्तीला गेलंच पाहिजे होतं’ असा केला होता, आणि मी तिला चूक म्हणण्याआधी थबकले, कारण माहीत असलेल्या शब्दावर भरवसा ठेवून तिने प्रामाणिक प्रयत्न केला होता. हा ‘मस्ट’ इंग्रजी नाहीच. तो फारसीतला ‘मस्त’, म्हणजे नशा चढलेला. नर हत्तीच्या गंडस्थळातून मद झरतो, तो काही काळ आवरेनासा होतो, त्या अवस्थेचं हे नाव. आपल्याकडे तोच शब्द ‘मदमस्त’मध्ये आहे, ‘मस्तीला आला’मध्ये आहे आणि ‘जेवण मस्त झालं’मध्येही आहे. एक शब्द इराणातून आला, आपल्याकडे ताटापर्यंत पोचला आणि इंग्रजांच्या तोंडी जाऊन हत्तीपुरता उरला. ‘माहूत’चंही तसंच, इंग्रजीत तो ‘महाउट’ असा लिहितात आणि पाहिल्यावर ओळखू येत नाही. म्हणून या काळातल्या गोष्टी वाचताना एखादा शब्द अगदीच अनोळखी वाटला तर शब्दकोशाकडे धावण्यापूर्वी तो मोठ्याने म्हणून पाहा. बऱ्याचदा तो आपल्याच आळीतला निघतो.

व्याकरणाची एकच खोच सांगते, कारण ती तुम्हाला हमखास अडली असेल. गर्दी पाहून अधिकाऱ्याला जे उमगतं तिथे ‘शुड हॅव टू’ असे तीन शब्द एकत्र येतात. ‘शुड’ म्हणजे ‘पाहिजे’ असं आपण शाळेत शिकलो, म्हणून अर्थ लावताना गाडी घसरते. जुन्या ब्रिटिश इंग्रजीत ‘आय’ आणि ‘वुई’पुढे भविष्यासाठी ‘शॅल’ येई आणि मागच्या काळातली हकिगत सांगताना त्याचा ‘शुड’ होई. तेव्हा अर्थ ‘मारला पाहिजे’ असा नाही, ‘आता आपल्याला हत्ती मारावाच लागणार’ असा आहे. इच्छा नाही, कर्तव्यही नाही, फक्त अडकणं. आणि अडकवलंय कुणी? जे राज्य करतात असं वाटतं त्यांना ज्यांच्यावर राज्य करतात त्यांच्या नजरांनी. साहेबाला साहेबासारखं वागावंच लागतं, हे त्या अधिकाऱ्याचं म्हणणं. तीन छोट्या शब्दांत हे आलंय, मोठ्या शब्दांत नाही.

पुढे काय करायचं ते सांगते. वही फाडू नका. त्यातले हत्तीचे, गर्दीचे, पावसाचे आणि साहेबाचे शब्द वेगवेगळ्या पानांवर घ्या. बाकीचे सोडून द्या, पुन्हा भेटतील. मग पुस्तक मिटून मुलीला ही गोष्ट इंग्रजीत सांगा. दहा वाक्यं पुरेत. ‘द एलिफंट ब्रोक हिज चेन’ इथून सुरू करा. जिथे शब्द अडेल तिथे मराठी घाला आणि पुढे जा, थांबू नका. दुसऱ्या दिवशी अडलेले तेवढेच शब्द पुस्तकात शोधा. हवा असताना सापडलेला शब्द विसरत नाही. आठवडाभराने तीच गोष्ट माहुताच्या बाजूने सांगून पाहा. बिचारा चुकीच्या दिशेला गेलाय, बारा तासांच्या वाटेवर आहे, आणि परत येईल तेव्हा त्याचा हत्ती असणार नाही. मूळ गोष्टीत माहुताला तोंडच नाही. तुम्ही त्याला द्या.

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेत आहे. स्टेशनवरच्या हमालांविषयी बोलताना त्याने सहज ‘कूली’ म्हटलं आणि टेबलावरचे सगळे गप्प झाले. आपल्याकडे तर हा रोजचा शब्द आहे. यात एवढं वाईट काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वाईट आहे, आणि भाच्याला ते आत्ताच कळलं हे बरं झालं. तमिळमध्ये ‘कूली’ म्हणजे मजुरी, कामाचा दाम. काहींच्या मते या शब्दाचा संबंध ‘कोळी’शी आहे. काहीही असो, करारावर बोटीत भरून मळ्यांवर आणि खाणींवर नेलेल्या आपल्या माणसांना हे एकच नाव चिकटवलं गेलं. पुढे दक्षिण आफ्रिकेत मजूर असो वा व्यापारी, हिंदुस्थानी दिसला की तो ‘कूली’. १८९३ मध्ये गांधीजी तिथे गेले तेव्हा त्यांनाही ‘कूली बॅरिस्टर’ म्हणत. आपल्याकडे रेल्वेनेही २०१६ च्या अर्थसंकल्पात ‘कुली’ऐवजी ‘सहायक’ म्हणायचं जाहीर केलं.

वर ज्या गोष्टीबद्दल लिहिलं तिथे हा शब्द फार कडू होऊन येतो. चिरडलेला मजूर ‘कोरिंगी’ आहे, म्हणजे गोदावरीच्या मुखाजवळच्या कोरिंगा बंदरातून ब्रह्मदेशात मजुरीला गेलेल्या लोकांपैकी. शेवटी तरुण गोरे अधिकारी म्हणतात की असल्या कूलीपेक्षा हत्ती मोलाचा. आणि मजुराचं नाव आपल्याला कळतच नाही. हत्तीची किंमत मात्र कळते : जिवंत असता तर शंभर पौंड, मेल्यावर सुळ्यांचे पाचेक पौंड.

मी मुलांना अशा शब्दांखाली लाल रेघ मारायला सांगते. लाल रेघ म्हणजे ओळखायचा, समजून घ्यायचा, पण आपल्या तोंडून काढायचा नाही. ‘नेटिव्ह’ हा असाच निसरडा शब्द. ‘नेटिव्ह स्पीकर’ चालतं, पण एखाद्या देशाच्या लोकांना ‘नेटिव्ह्ज’ म्हटलं की अपमान. उलट ‘साहेब’ पाहा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ सोबती, मग धनी. इंग्रजी गोष्टींत तो गोऱ्या माणसाचा बिल्ला झाला. आपण मात्र आईसाहेब म्हटलं, बाबासाहेब म्हटलं. शब्द तोच, आपल्या घरात त्याला माया मिळाली.

भाच्याने टेबलावरच्या लोकांना पुन्हा गाठून ‘मला ठाऊक नव्हतं’ एवढं सांगावं. ते समजून घेतील.

प्रश्न : इंग्रजीने मराठीतून घेतलेला एखादा शब्द आहे का? मुलांना सांगायला हवा आहे.
– शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, कोल्हापूर

उत्तर : आहे, आणि मुलांना तो फार आवडतो : ‘मंगूज’. आपला मुंगूस. मुलांना आधी इंग्रजी शब्द ऐकवा आणि कोणता प्राणी ते ओळखायला सांगा.

प्रश्न : आठवीच्या मुलांना इंग्रज राजवटीवरचं इंग्रजी शिकवताना शब्द फार कोरडे वाटतात. तुम्ही रत्नागिरीच्या, तुम्ही काय करत होता?
– एक शिक्षिका, संगमेश्वर

उत्तर : मी मुलांना थिबा पॅलेसला नेत असे. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. हा वाडा त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. तिथे फरशीवर बसून तीन शब्द शिकवता येतात. ‘डिपोज’ : पदच्युत करणं. ‘अ‍ॅनेक्स’ : यासाठी आपला शब्द ‘खालसा करणं’, सातारा आणि झाशी खालसा झाली ती मुलांना इतिहासात ठाऊकच असते. आणि ‘एक्झाइल’ : हद्दपारी.

मग मी विचारत असे, आपल्या गावचा कोण तिकडे गेला होता? लोकमान्य टिळक. १८५६ साली रत्नागिरीत जन्मले आणि १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. मंडाले ही थिबाची राजधानी. म्हणजे त्या सहा वर्षांत मंडालेचा राजा रत्नागिरीत अडकलेला होता आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत. वर्गात हे सांगून जे होत नाही ते त्या वाड्यात बसून होतं. मुलं एकदम गप्प होतात.

टिळकांच्या शिक्षेचा इंग्रजी शब्द तेव्हा लिहायला देते : ‘ट्रान्स्पोर्टेशन’. मुलं हसतात, म्हणतात हे तर एसटीचं काम. आज हा शब्द वाहतुकीचा आहे. त्या काळच्या कोर्टात त्याचा अर्थ होता समुद्रापार हद्दपारी, ‘ट्रान्स्पोर्टेशन फॉर लाइफ’ म्हणजे जन्माचं काळं पाणी. एका वर्षी एक मुलगा हे ऐकून उठला, गच्चीवर गेला आणि समुद्राकडे बघत उभा राहिला. खाली आल्यावर त्याने विचारलं, “बाई, राजाला इथून बोटी दिसत असतील ना?”